भाईंचा रोलीफ्लेक्स

प्रत्येक हत्यार माणसाच्या शरीराला आपले असे एक वळण लावून घेते. आदोळीवर नारळ खोवणाऱ्या बाईची बैठक निराळी, जात्यावर दळणारीची निराळी. सोनार फुंकणीवर ज्या रीतीने वाकतो त्या रीतीने सुतार रंध्यावर वाकत नाही. ते हत्यार प्रथम घडवणारा कारागीर केव्हाच काळाआड गेलेला असतो, पण त्याने ठरवून दिलेले आसन पुढच्या पिढ्या निमूटपणे घालीत असतात. कॅमेऱ्याच्या बाबतीत हा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. कॅमेरा चांगला की वाईट हे ठरवताना लोक भिंग कोणते, किंमत काय, आणि सर्वांत आधी नाव कोणते, हे विचारतात. तो हातात घेतल्यावर माणूस समोरच्यापुढे कसा उभा राहतो, हे कोणी विचारीत नाही. कॅमेऱ्याच्या घडणीविषयी विचारण्यासारखा पहिला प्रश्न, माझ्या मते, तोच आहे.

मला तो सुचला आमच्या धाकट्या काकांच्या कॅमेऱ्यामुळे. सारा गाव त्यांना भाई म्हणे. फोंडे महालातील आमच्या गावी देवळाच्या अग्रशाळेत मराठी शाळा भरत असे, तिचे ते मास्तर. पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या बाजारात विलायती माल सुखाने मिळे. तेथून १९५६ साली त्यांनी एक रोलीफ्लेक्स विकत आणला. त्यासाठी घरच्या कुळागराचे दोन वर्षांचे सुपारीचे उत्पन्न खर्ची पडले, आणि आजी त्यांच्याशी पुढचा सबंध पावसाळा धड बोलली नाही, असे आमच्या घरात अजून सांगतात.

रोलीफ्लेक्स हा जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्याचा कॅमेरा. तो प्रथम १९२९ साली निघाला. त्याला पुढच्या अंगास एकाखाली एक अशी दोन भिंगे असतात. वरचे पाहण्याचे, खालचे चित्र घेण्याचे. वरच्या भिंगामागे एक तिरका आरसा आणि त्याच्या माथ्यावर घासलेली काच. डोक्यावरचे झाकण उघडले की त्या काचेवर समोरचे दृश्य उमटते, आणि ते पाहण्यासाठी कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालावी लागते. दृश्य सुलटे असले तरी त्यात डाव्याचे उजवे झालेले असते. पालखी उजवीकडे निघाली तर काचेवर ती डावीकडे सरकते, आणि नवशिक्याची त्रेधा उडते. दृश्य स्पष्ट करण्याची चकती डाव्या हाताशी, फिल्म सरकवण्याचा दांडा उजव्या हाताशी. दांडा पुढे नेऊन मागे आणला की फिल्मही सरकते आणि शटरही ताणले जाते. सर्वांत मौज अशी की, छिद्राचे आणि वेगाचे आकडे वरच्या भिंगाच्या माथ्यावरील एका चिमुकल्या खिडकीत, वरून वाचता येतील असे मांडलेले आहेत. म्हणजे एकदा मान खाली घातली की चित्र होईपर्यंत ती वर उचलण्याचे कारण पडत नाही. एका फिल्मवर चौकोनी अशी बाराच चित्रे. तेराव्याचा मोह धरायला वाव नाही.

भाई देवळाच्या चौकात उभे राहून चित्र घेत तेव्हा परक्या माणसाला वाटावे, हा गृहस्थ नमस्कारच करतो आहे. चेहरा उघडा, नजर खाली, दोन्ही हात पोटाशी. ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्यावर कसला रोखच नसल्यामुळे पुजाऱ्यापासून पालखीच्या भोयांपर्यंत कोणी अवघडून जात नसे. गर्भकुडीच्या उंबरठ्याआत त्यांनी तो कधी नेला नाही. एकदा कोण्या पाहुण्याने, एवढ्या वर्षांत देवाचे एकही चित्र कसे घेतले नाही, असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "हांवें देवाचो फोटो काडूंक ना रे, देवळाचो काडला." त्यांच्या वहीत खरोखरच देव नाही. दीपस्तंभ आहे, तळी आहे, नगारखान्यातला नगारा वाजवणारा म्हातारा आहे, सभामंडपाचे लाकडी खांब आणि भिंतीवरचे कावीचे काम आहे.

होमाई व्यारावाला यांचेही हे एक आवडते यंत्र. भारतातल्या या पहिल्या वृत्तछायाचित्रकार बाईंनी सत्तांतराच्या काळातली दिल्ली टिपली, १९७० साली कॅमेरा खाली ठेवला, आणि उत्तरायुष्य बडोद्यात शांतपणे काढून २०१२ साली तेथेच देह ठेवला. मोठमोठ्यांच्या इतक्या जवळ जाऊन, त्यांना बिचकू न देता त्यांनी चित्रे कशी घेतली याचे श्रेय अर्थात त्यांच्या स्वभावाला आहे. पण थोडे त्या खाली पाहायला लावणाऱ्या यंत्रालाही असावे, असे मला वाटते.

अगदी उलट बुद्धीचे, आणि तितकेच थोर, असे दुसरे यंत्र म्हणजे लायका. वेट्झलार येथील अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ओस्कार बार्नाक नावाचा एक कारागीर होता. प्रकृतीने अशक्त असल्यामुळे त्या काळचे काचेच्या तावदानांचे अवजड कॅमेरे वाहणे त्याला जमेना. त्याने चलच्चित्राची अरुंद फिल्म आडवी वापरून, दोन चौकटींच्या जागी एक अशी २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट घेणारा, खिशात मावेल असा कॅमेरा १९१४ च्या सुमारास तयार केला. युद्ध आणि नंतरची हलाखी यांमुळे तो बाजारात यायला १९२५ साल उजाडले. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा. त्यात वाकणे नाही. माणूस चालता चालता पाहतो आणि पाहता पाहता टिपतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची भेट घेतली आणि त्यानंतर काही वेळातच घडलेल्या अनर्थाची, अंत्ययात्रेची चित्रे घेतली, ती अशाच यंत्राने. तो आपल्या कॅमेऱ्याचा चकाकणारा भाग काळ्या पट्टीने झाकून ठेवी. त्याला कोणाच्या नजरेत यायचे नव्हते.

रोलीफ्लेक्स नमवतो, लायका लपवतो. आता हल्लीचे तिसरे आसन पाहावे. जत्रेच्या रात्री पालखी सभामंडपातून बाहेर पडते तेव्हा शेकडो हात डोक्यांवर उंच जातात आणि प्रत्येक हातात एक उजळलेली पाटी असते. मागच्याला पालखी दिसत नाही. पुढच्याच्या पाटीवरची पालखी दिसते. मी या मोबाइलांचा द्वेष्टा नव्हे. परगावी अंथरुणाला खिळलेल्या माझ्या बहिणीला गेल्या माघात पालखीचे दर्शन घडले ते याच यंत्रामुळे. पण ज्या कारागिराने ही पाटी घडवली त्याने ती हात लांब करून, डोक्याच्या वर धरण्याजोगी घडवली, आणि मंडपातली आमची उभे राहण्याची रीत त्याने बदलली. हे त्याच्या मनात असेल असे नाही. आमच्याही मनात नव्हते.

भाई १९९१ साली वारले आणि कॅमेरा माझ्याकडे आला. तेव्हापासून आजतागायत ज्याने ज्याने तो पाहिला त्याने आधी भिंगावरचे नाव वाचले. याचा मला राग नाही. नाव ही काही फुकटची वस्तू नव्हे. एकच कारखाना पन्नास वर्षे प्रामाणिकपणे यंत्रे घडवतो, ती हजारो हातांत टिकतात, पडून फुटत नाहीत, दुरुस्त होतात. मग तो सगळा विश्वास त्या पाच-सात अक्षरांत गोळा होतो. आमच्याकडे अमुक घराण्यातला पुजारी म्हटले की मंत्र शुद्ध असणार असे लोक धरून चालतात, तसेच हे. लायकाचेच पाहा. १९५४ साली निघालेल्या एम थ्री या यंत्रावर बसणारे भिंग आज कारखान्यातून नव्याने निघणाऱ्या एम यंत्रावरही बसते. आजोबांनी घेतलेले भिंग नातवाला वापरता येते. या नावाला कोणी जास्त पैसे मोजले तर तो केवळ वेडेपणा म्हणता येणार नाही.

पण नाव आणि वस्तू यांची फारकत होते तेव्हा काय घडते, त्याचे दाखले अलीकडच्या काळात पुष्कळ झाले. हासेलब्लाड हे स्वीडनचे नाव. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या छातीशी याच घराण्याचा कॅमेरा होता. परतताना वजन नको म्हणून चित्रांची फिल्म तेवढी आणून यंत्र तेथेच ठेवण्यात आले. पुढे २०१२ साली याच नावाने 'लुनार' नामक एक कॅमेरा जाहीर झाला. पाहतात तो आतले यंत्र सोनी कंपनीच्या बाजारात आधीच मिळणाऱ्या कॅमेऱ्याचे, आणि बाहेर लाकडाची शोभिवंत मूठ. किंमत मूळ यंत्राच्या कित्येक पट. चंद्राच्या नावाने मागितलेली ती दक्षिणा जाणकारांनी हसून नाकारली आणि थोड्याच वर्षांत ते प्रकरण मिटले.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट याशिकाची. आपल्याकडच्या गावोगावच्या स्टुडिओंत, लग्नाच्या मांडवांत, मुंजीत, दोन भिंगांचा याशिका ज्याने पाहिला नाही असा माझ्या वयाचा माणूस विरळा. रोलीफ्लेक्सची नक्कल म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. गरिबाघरची कितीतरी लग्ने त्या नकलेने जतन करून ठेवली. ते कॅमेरे निघायचे बंद झाले आणि नाव मात्र हातोहात विकले गेले. २०१७ साली त्या नावाने एक डिजिटल खेळणे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून काढण्यात आले. जुन्या आठवणीने पैसे भरणाऱ्यांच्या पदरी काय पडले ते त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. खुद्द रोलायचे नाव आज कॅमेऱ्याच्या तिवयांवर दिसते. तिवया वाईट नसतील. पण ते नाव ज्या मान खाली घालण्यातून मोठे झाले, त्याच्याशी त्यांचा संबंध काय?

नावांचे मोल इतके वाढले की पहिल्या लायकांच्या चाचणीसाठी काढलेल्या मोजक्या यंत्रांपैकी १०५ क्रमांकाचे, जे बार्नाकने स्वतः वापरले होते, ते २०२२ साली लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेले. त्या रकमेविषयी मला काही म्हणायचे नाही. मूर्तीला जसा मान, तसा पहिल्या यंत्रालाही असू द्यावा. मात्र लोक त्या यंत्राची किंमत पाठ सांगतात, आणि त्याने बार्नाकने काय टिपले हे विचारले तर गप्प बसतात.

येथे मला एका मंडळाची हकीकत सांगितली पाहिजे. माझा एक भाचा बेळगावला असतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या मालकांचे एक बंदिस्त मंडळ मोबाइलवर चालते, त्यात त्याने मला घातले. प्रवेशाचे नियम कडक होते: दोन सभासदांची शिफारस हवी, आपल्याजवळच्या यंत्राचे त्यावरील क्रमांकासह चित्र हवे, आणि आतले बोलणे बाहेर न्यायचे नाही. रोलीफ्लेक्समुळे मला दार उघडले. बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री घेऊन एखादा आला असता तर त्याला ते उघडले नसते, हे मला लवकरच कळून चुकले. वास्तविक सूर्याची आणि ढगाची खूण पाहून खटका दाबायचा त्या साध्या डब्याने साठ-सत्तर सालांत या देशातल्या जेवढ्या मध्यमवर्गीय घरांत पहिला फोटो निघाला, तेवढ्या घरांत लायकाचे नावही पोहोचले नव्हते.

मंडळात काय चाले? खोक्यांची चर्चा चाले. मूळ खोके आहे काय, चामड्याचे म्यान आहे काय, पावती आहे काय. एका गृहस्थाने कार्तिए-ब्रेसाँचे अनुकरण म्हणून लायकावरचा तांबडा ठिपका काळ्या पट्टीने झाकला आणि त्या झाकलेल्या ठिपक्याचे चित्र मंडळात लावले. तत्काळ आणखी दहा जणांनी आपापल्या पट्ट्यांची चित्रे लावली. लपण्यासाठी होती ती पट्टी मिरवण्याची झाली. २०१४ साली त्या कारखान्याने पाठीमागचा पडदाच काढून टाकलेला एक डिजिटल कॅमेरा ६०० नग एवढाच काढला होता. तो त्याग किती उदात्त यावर तेथे तीन दिवस वाद झाला. पण ज्याच्यापाशी तो नग होता त्याने त्याचे वेष्टन अद्याप फोडले नव्हते.

भक्तांनी देवालाच दटावल्याची एक गोष्टही तेथेच मला नीट समजली. १९७१ साली लायकाने एम फाइव्ह काढला. त्यात प्रकाश मोजण्याची सोय आतच केलेली होती, आणि कामाच्या दृष्टीने ते यंत्र हुशार होते. परंतु ते आधीच्यांपेक्षा मोठे झाले, त्याची ओळखीची बाह्यरेषा मोडली, आणि जुन्या मालकांनी ते पत्करले नाही. चार-पाच वर्षांत ते बंद पडले आणि कारखान्याला जुन्याच अंगलोटीकडे परतावे लागले. यावर मंडळात विजयाचा सूर होता. मला मात्र दोन्ही बाजूंचे वाटले. भक्तांच्या हट्टामुळेच तर जुने भिंग आजही नव्या यंत्रावर बसते. आणि त्याच हट्टामुळे एका चांगल्या कारागिराची अक्कल अडगळीत गेली.

बंदिस्तपणाबद्दल मी एकदम नाक मुरडणार नाही. आम्ही गोव्याचे देवळकरी लोक स्वतःच एका बंद वहीतले. महाजनांची नावे नोंदवलेली असतात, १९३३ च्या पोर्तुगीज नियमनाने त्या व्यवस्थेला कायद्याची चौकट घातली, आणि जन्माने हक्क नसलेला माणूस कितीही श्रद्धाळू असला तरी त्या वहीत शिरू शकत नाही. याविषयी आजच्या तरुणांत प्रश्न आहेत, आणि ते रास्त आहेत. पण वहीत नाव असणे म्हणजे पाळी असणे, हेही खरे. पालखीला खांदा द्यायची पाळी, समईच्या तेलाची पाळी, वार्षिक वर्गणी, आणि भिंत गळू लागली की दुरुस्तीचा वाटा. मी त्या मंडळात मनोमन हीच पाळी शोधीत होतो. हक्क होता, नोंद होती, दार होते. तेल कोणी घालायचे ते मात्र कोठे लिहिलेले नव्हते.

माझे काम निराळेच होते. भाईंच्या निगेटिव्ह एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. डबा उघडला तेव्हा आत व्हिनेगारसारखा आंबट वास आला. आमच्या हवेत भिंगांना बुरशी लागते हे मला ठाऊक होते आणि कॅमेरा मी कोरड्या कपाटात ठेवीतही होतो. फिल्मच आतून कुजू लागते, हे नवे होते. काही पट्ट्या आक्रसून वळल्या होत्या. १९५८ ते १९६६ या काळातले आमचे देऊळ त्या डब्यात होते. १९७८ साली सभामंडप नव्याने बांधला गेला, लाकडी खांब गेले, गुळगुळीत फरशी आली, आणि चुन्याच्या गिलाव्यावर काव चढवून ती ओली असतानाच कोरून काढलेली तांबडी-पांढरी चित्रे भिंतींसकट खाली आली. त्या चित्रांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. ती होती ती या आंबट वासाच्या डब्यात.

मी मंडळात विचारले, या पट्ट्या कशा वाचवाव्या? उत्तरादाखल पहिल्या तासात चार प्रश्न आले: कॅमेऱ्याचा क्रमांक काय, भिंग टेसार की झेनार, म्यान मूळचे आहे काय, विकणार काय. एकाने तर चांगली दुचाकी येईल एवढी रक्कमही बोलून टाकली. पट्ट्यांविषयी अक्षर नाही. मी पुन्हा लिहिले, कावीच्या भिंतीचे एक चित्र लावले. त्यावर एकाने, कोपऱ्यातली स्पष्टता या भिंगाच्या मानाने उत्तम आहे, असा अभिप्राय दिला.

रात्री उशिरा एका सभासदाने मला एकट्याला लिहिले. तो मंडळात कधी बोलताना मी पाहिला नव्हता. तो जुनी यंत्रे दुरुस्त करतो. त्याचे नाव मी लिहीत नाही, ते त्याला आवडणार नाही. त्याने सांगितले: डबा बंद ठेवू नका, तो वास आत कोंडला की चांगल्या पट्ट्याही त्याने बिघडतात. वास येणाऱ्या वेगळ्या करा, उरलेल्या एकेक कागदी पाकिटात ठेवा, कोरड्या गार जागी ठेवा. ज्या वळू लागल्या आहेत त्यांची नक्कल याच महिन्यात करून घ्या, कारण ही कूज थांबत नाही, फक्त मंदावते. दोन आठवड्यांनी तो स्वतःच एसटीने आला. सोबत एक प्रकाशपेटी, एक डिजिटल कॅमेरा, आणि भिंगाचा जवळून घेण्याचा जोड. तीन दिवस आमच्या माडीवर बसून आम्ही ३१२ निगेटिव्हांची नक्कल केली. त्याने जाण्यायेण्याच्या भाड्याखेरीज काही घेतले नाही, आणि रोलीफ्लेक्सचे मंद पडलेले शटर जाता जाता साफ करून दिले. मी त्याला, त्या मंडळात तो राहतो कशाला, असे विचारले. तो म्हणाला, जुन्या यंत्रांचे सुटे भाग कोणाकडे आहेत ते तेथेच कळते. बाकीचे मी वाचीत नाही.

तेव्हा मंडळाला पाळी नाही, असे मी म्हणालो ते तेवढेसे बरोबर नव्हे असे कोणी म्हणेल. तेल घालणारा होता. त्याचे नाव मात्र वहीत सर्वांच्या खाली होते.

आता आमच्या महाजनांच्या सभेत एक विषय निघाला आहे. सभामंडपाच्या दर्शनी भिंतीवर पूर्वीप्रमाणे कावीचे काम करून घ्यावे, असे काही जणांचे मत पडले, आणि ते काम जाणणारा एक कारागीर मिळाला. गोव्यात असे हात आता थोडेच उरले आहेत. भाईंच्या चित्रांवरून त्याने वेलपट्टी उतरवून घेतली. काळ्या-पांढऱ्या चित्रात तांबडा रंग नाही, पण रेघ न रेघ आहे. अडले ते एका हत्तीवर. भिंतीचा नुसता तुकडा दाखवणारे ते चित्र, आजूबाजूस दार नाही, खांब नाही. सोंड दाराकडे होती की तळीकडे, यावर सभेत दोन तट पडले. एक वृद्ध महाजन शपथेवर सांगत की हत्ती तळीकडे पाही; दुसरे तितकेच वृद्ध, दाराकडे. भटजींनी शास्त्राचा आधार दाराच्या बाजूने दिला. त्यात एका चतुर तरुणाने शंका काढली की, भाईंच्या कॅमेऱ्यात डाव्याचे उजवे दिसे, तेव्हा हे चित्रच उलटे नसेल कशावरून?

मी मूळ निगेटिव्ह सभेत नेली. डाव्याचे उजवे होते ते वरच्या काचेवर, पाहणाऱ्यासाठी. खालच्या भिंगातून फिल्मवर पडणाऱ्या चित्राला ती बाधा नाही. राहिला प्रश्न पट्टी कोणत्या अंगाने पाहायची एवढाच. फिल्मच्या कडेला कारखान्याने छापलेली अक्षरे आणि आकडे असतात. ती सरळ वाचता आली म्हणजे चित्रही सरळ. खिडकीच्या उजेडात मी पट्टी धरली आणि चष्मा लावून अक्षरे वाचून दाखवली. कारागीर जवळ आला, त्याने वाकून पाहिले, आणि हातातल्या खिळ्याने ओल्या गिलाव्याच्या नमुन्यावर सोंडेचा पहिला बाक तळीच्या दिशेने ओढला. भटजी काही बोलले नाहीत.